कलम नऊ आणि चरकाची चौकट

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय बावन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण नववी पास, बैठक जुन्या कचेरीच्या भिंतीलगत लिंबाच्या झाडाखाली.

पक्ष क्रमांक एक : नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत उसाच्या रसाचे चरक बनवणाऱ्या एक बाई.

पक्ष क्रमांक दोन : त्याच वसाहतीत, चार गाळे सोडून, लोखंड ओतण्याची फाउंड्री चालवणारे एक वयोवृद्ध गृहस्थ व त्यांचा पुतण्या.

घटनेचा कालावधी : गेल्या पोळ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत.

साक्षीदार : एक, सदर फाउंड्रीत वाळूचे साचे भरणारा मोल्डर, मूळ राहणार पाथर्डीकडचा. दोन, सावेडीच्या एक वकीलबाई. तीन, एक नारळ, जो खाल्ला गेला असल्याने हजर करता येत नाही.

नावे : दिलेली नाहीत. सर्व पक्ष हयात असून एकाच टपरीवर चहा पितात.

सदर हकिगत मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ती लिहिताना माझा हात आजही भराभर चालतो, हे सुरुवातीसच नमूद करतो.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी जिल्ह्याचे कागद लिहितो. वारसनोंदी, बांधाचे वाद, शेतरस्त्याच्या तक्रारी, खरेदीखतांचे मसुदे. माझ्याकडे पदवी नाही, शब्द आहेत. पदवी असलेले पुष्कळ जण लिंबाखाली येऊन माझ्याकडून शब्द घेऊन गेले आहेत, हे मी अभिमानाने सांगतो. तरीही आत कुठेतरी असे वाटत असे, की आपण जन्मभर मातीचेच कागद लिहिले. कारखान्याचा कागद आपल्या हातून एकदा तरी लिहिला जावा.

पोळा झाल्यावर त्या बाई आल्या. पायातल्या चपलांवर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला होता, त्यावरून नागापूरच्या हे मी ओळखले.

"भाऊ, तुमी जमिनीचेच कागद लिहिता, का दुसरेही?"

"ताई, कागद हा कागद असतो. विषय सांगा."

त्यांनी सांगितले ते असे. माहेर नेवाशाकडचे, शेतीवाले. सासरे सुतार. मालक वारल्यावर वर्कशॉप त्यांनीच चालवले. चरकाचे रूळ कातणे, जोडणी, रंग हे त्यांच्या गाळ्यात होते. पण चरकाची बाजूची जड लोखंडी चौकट त्या चार गाळे पलीकडच्या वयोवृद्ध अण्णांच्या फाउंड्रीतून ओतून घेतात. त्यासाठी सागवानाचा एक नमुना आहे, त्याला तिथे पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. हा पॅटर्न सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कोरलेला. त्यावर उसाच्या दोन पात्यांची नक्षी आहे आणि ती ओतलेल्या प्रत्येक चौकटीवर उमटते. नगरपासून जामखेडपर्यंतचे रसवंतीवाले ती नक्षी बघूनच चरक घेतात.

"पॅटर्न अण्णांकडंच असतो, वीस वर्षं झाली. शब्दावर चाललंय सगळं. पण जावई पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणतो, आई, याला आउटसोर्सिंग म्हणतात, बाहेर काम देता तर कागद पाहिजे."

आउटसोर्सिंग! हा शब्द मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचला होता, पण माझ्या टेबलावर तो पहिल्यांदाच येऊन बसला. माझ्या छातीत जणू ताशा वाजू लागला. मी चष्मा पुसला. म्हणालो, "ताई, असा करार लिहून देतो, की नागापुरात त्याच्या नकला मागतील."

तीन दिवस मी दुसरे काम घेतले नाही. अकरा कलमे झाली. माल किती दिवसांत द्यावा, खराब ओतकाम कोणी परत घ्यावे, वजन कुठे करावे, सगळे लिहिले. पण कागद वाचून पाहिला तर तो मला उघडा वाटला. डोक्यावर पागोटे नसलेल्या नवरदेवासारखा. माझा एक परिच्छेद आहे. पंचवीस वर्षे खरेदीखतांत लिहून तो मला इतका पाठ आहे, की लेखणी टेकवली की आपोआप उतरतो. तो मी कलम नऊ म्हणून घातला, फक्त 'मिळकत' या शब्दाच्या जागी 'पॅटर्न' लिहिले:

'सदर पॅटर्नचा प्रत्यक्ष व शांततापूर्ण कब्जा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी दिला असून, यापुढे सदर पॅटर्नवर लिहून देणार अगर त्यांचे वालीवारस यांचा कोणत्याही प्रकारचा हक्क व हितसंबंध राहिलेला नाही व राहणार नाही.'

आता कागद भरदार दिसू लागला.

सह्या फाउंड्रीत झाल्या. मी उभा राहून संपूर्ण करार खड्या आवाजात वाचला. कलम नऊला माझा आवाज सर्वांत चांगला लागला. अण्णांनी मान हलवली, बाईंनी मान हलवली, पुतण्याने मोबाईलवर फोटो काढले. अण्णा म्हणाले, "रायटर, भाषा लई वजनदार आहे तुमची." घरी जाताना मी रिक्षा केली.

त्यानंतर महिनाभराने खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नागापूरच्या या फाउंड्रीत एक शिरस्ता आहे, जो मला नवीन होता. भट्टी, घमेली, फावडी यांची पूजा अण्णा करतात. मात्र ज्यांचे पॅटर्न तिथे ठेवलेले असतात त्या प्रत्येकाला अण्णा आदल्या दिवशी फोन करतात, आणि जो तो येऊन आपापल्या पॅटर्नला कुंकू लावतो, नारळ देतो. परक्याच्या हत्याराला कुंकू लावायचे नाही, हा तिथला नियम. कराराचा लेखक म्हणून मलाही आमंत्रण होते. बाईंनी पॅटर्न ओल्या फडक्याने पुसला, उसाच्या दोन्ही पात्यांवर कुंकवाचे बोट ओढले, झेंडूची माळ घातली. मोल्डरने नारळ फोडला. खोबरे मीही खाल्ले. त्या वेळी आपण पुरावा खात आहोत याची मला कल्पना नव्हती.

दिवाळी झाली आणि बाई परत आल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"भाऊ, अण्णांचा पुतण्या म्हणतो पॅटर्न आता त्यांचा. दुसऱ्या गावच्या एका चरकवाल्याला ह्याच चौकटी ओतून द्यायची बोलणी चाललीत. आमची नक्षी, भाऊ, आणि चरक दुसऱ्याचा!"

"असे कसे म्हणतो? करार आहे!"

"करारातच लिहिलंय म्हणतो." त्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर कलम नऊ होते. माझे अक्षर नव्हते, टाइप केलेले होते. पण शब्द मी अंधारातही ओळखले असते.

मी ते वाचले. परत वाचले. जमीन विकणारा माणूस जे लिहून देतो ते मी या बाईंकडून लिहून घेतले होते. तेही माझ्या सर्वांत चांगल्या आवाजात.

"सासऱ्यांच्या हाताला आता कंप आहे," बाई म्हणाल्या. "पटाशी धरवत न्हाई. हा पॅटर्न गेला तर दुसरा होणार न्हाई. महाशिवरात्रीला रसवंत्या लागतात. त्याआधी चौकटी नाही ओतल्या तर माझा गाळा बंद. तुमी वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, एवढं चांगलं वाचतात, चांगलंच लिहिलं असणार."

हे वाक्य त्यांनी रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते.

मी म्हणालो, "ताई, मला आठ दिवस द्या." आणि टेबलाला कुलूप लावून सावेडीची रिक्षा पकडली.

सावेडीला एका औषधाच्या दुकानावर या वकीलबाईंचे कार्यालय आहे. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी करार त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अकराही कलमे शांतपणे वाचली आणि नवव्यावर बोट ठेवले.

"हे कलम कोणी लिहिलं, काका?"

क्षणभर माझ्या जिभेवर टाइप करणाऱ्याचे नाव आले होते. मी ते गिळले. "मी."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "जमिनीसाठी."

त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर रेघ ओढली.

"वस्तू विकली म्हणायला किंमत ठरावी लागते. या करारात पॅटर्नची किंमत कुठं आहे?"

"नाही."

"वरच्या शीर्षकात काय लिहिलंय तुम्ही?"

"पुरवठा व ओतकाम करार."

"म्हणजे वस्तू कामासाठी सोपवली. काम झालं की परत द्यायची. शिंप्याकडे कापड दिलं म्हणून कापड शिंप्याचं होत नाही. करार एका कलमावर वाचत नाहीत, सगळा मिळून वाचतात."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "म्हणजे आपण जिंकू!"

"बसा, काका. बहुतेक जिंकू. पण कधी? तुमच्या बाईंना निकाल हवाय की चौकटी?"

मी बसलो. पण माझ्या डोक्यात दिवे लागत होते. पंचवीस वर्षांत कोणी मला कायदा असा समजावून सांगितला नव्हता. त्या बोलत गेल्या आणि मी लिहीत गेलो. बाहेर काम देताना आपला नमुना आपलाच राहतो हे पहिल्या ओळीत लिहावे आणि नमुन्यावर मालकाची खूण कोरावी. त्यावरून दुसऱ्या कोणाला माल ओतून देऊ नये, हे वेगळे कलम. मोडतोड झाली तर दुरुस्ती कोणी करायची हे आधी ठरवावे. मालकाला केव्हाही येऊन नमुना पाहता यावा. आणि ज्या दिवशी दोघांचे जमणार नाही त्या दिवशी तो किती दिवसांत, कोणाच्या टेम्पोतून परत जाईल, हे दोघांचे जमत असतानाच लिहून ठेवावे.

"माल देणारा आणि घेणारा नवरा-बायकोसारखे नसतात, काका," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांसारखे असतात. बांध माहीत असला की शेजार टिकतो. आता सांगा, करार झाल्यावर ते दोघं वागले कसे? कागदात घोळ असेल तर नंतरची वागणूकही बघतात."

त्या क्षणी माझ्यापुढे झेंडूची माळ आली. "मॅडम! खंडेनवमी!" असे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन वर बघू लागला.

वकीलबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग चूकदुरुस्तीचा लेख स्वतः लिहून दिला, फक्त सहा ओळींचा. त्यात शेवटी होते : 'कलम नऊ हे मसुदा लिहिणाऱ्याच्या चुकीने समाविष्ट झाले.'

"यावर दोघांच्या सह्या लागतील," त्या म्हणाल्या. "आणि ही शेवटची ओळ तुम्हाला तिथं जाऊन तोंडाने बोलावी लागेल. जमेल?"

आम्ही फाउंड्रीत गेलो तो नेमका ओतकामाचा दिवस होता. भट्टी चालू असताना तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. बाई आणि मी दाराशी उभे राहिलो. लाल लोखंड साच्यात उतरत होते, ठिणग्या उडत होत्या, आणि माझ्या खिशातला कागद घामाने ओला झाला होता. शेवटचा साचा भरला, तेव्हा अण्णा पालथ्या घातलेल्या पेटीवर येऊन बसले. पाठीमागे पुतण्या, बाजूला मोल्डर, आणखी पाचसहा कामगार.

"या सूनबाई," अण्णा म्हणाले. बाईंच्या सासऱ्यांचे ते जुने दोस्त, त्यामुळे तसे म्हणतात. मला म्हणाले, "रायटर, आज काय नवीन वाचणार?"

पुतण्याने उत्तर दिले, "नवीन कशाला? जुनंच वाचा की. कलम नऊ. मस्त वाचता तुम्ही."

कामगार हसले. मी खिशातून करार काढला आणि खरोखरच कलम नऊ वाचले, पहिल्यासारखेच खड्या आवाजात. मग म्हणालो, "हे कलम चुकीचे आहे. ते जमिनीच्या खरेदीखतातले आहे. ते येथे घालावे असे या ताईंनी सांगितले नव्हते, अण्णांनी मागितले नव्हते. कागद भारदस्त दिसावा म्हणून मी घातले. मी नववी शिकलेला माणूस आहे आणि ही चूक माझी आहे."

इतकी वर्षे नववी हा शब्द मी चारचौघांत उच्चारला नव्हता. आश्चर्य असे की तो उच्चारल्यावर छाती हलकी झाली, आणि पुढचे शब्द धावत आले.

पुतण्या म्हणाला, "चूक तुमची, पण सही त्यांची. आणि वीस वर्षं पॅटर्न सांभाळला कोणी? वाळवी लागू दिली नाही. कोपरा तुटला तो मी बसवला, माझ्या हातानं. ते कुठल्या कलमात आहे?"

हे खरे होते. ते माझ्या करारात नव्हते. मी तसे कबूल केले. मग मोल्डरकडे वळलो. "तुम्ही सांगा. करार झाल्यानंतरच्या खंडेनवमीला या पॅटर्नला कुंकू कोणी लावले?"

मोल्डर तरुणपणी कोयता घेऊन ऊसतोडीला जात असे. त्याला सरळ बोलण्याची सवय आहे. "ताईंनी लावलं की. म्या पाह्यलं. नारळ म्याच फोडला, लई गोड हुता."

"नारळावरून मालकी ठरते का आता?" पुतण्या म्हणाला.

"मंग कशावरून ठरती? तुमी तर दोनदा खोबरं मागितलं हुतं, मालक."

हशा झाला. पुतण्यालाही हसू आवरेना. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मागे न बघता विचारले, "तू का नाही लावलंस कुंकू?"

"कशाला?"

"त्या पॅटर्नला. भट्टीला लावलंस, घमेल्यांना लावलंस. ह्याला का नाही?"

पुतण्या पटकन म्हणाला, "आपला नव्हता म्हणून." आणि थांबला.

फाउंड्रीत थंड होणाऱ्या लोखंडाचा तेवढा टकटक आवाज येत होता. अण्णांनी हात पुढे केला. "रायटर, पेन."

त्यांनी चूकदुरुस्तीच्या लेखावर बाईंच्या सहीशेजारी सही केली. मग पुतण्याकडे पेन दिले. त्याने सहाही ओळी बोट ठेवून वाचल्या. बाई म्हणाल्या, "कोपरा तुमी बसवला, ते मी मानते. ते पुढच्या कागदात येईल." त्याने साक्षीदाराच्या जागी सही केली. मला तिथेच नाचावेसे वाटले. वयाचा व धोतराचा विचार करून मी नाचलो नाही.

बाईंनी पॅटर्न एका दिवसासाठी घरी नेला. गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला, मी शेजारी बसलो. त्यांचे सासरे ओट्यावर होते. पॅटर्न त्यांच्या मांडीवर ठेवला तेव्हा थरथरणारे हात त्यावरून फिरू लागले, आणि फिरताना थरथर कमी झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. कोपऱ्याशी बोटे थांबली.

"हा कोपरा माझा न्हाई."

"अण्णांच्या पुतण्यानं बसवला," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यांनी नखाने लाकूड खरवडले. "बरा बसवलाय. पण लाकडाची शीर आडवी घेतलीय. त्याला म्हणावं, ये एकदा. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पॅटर्न परत फाउंड्रीत गेला. पौषात चौकटी ओतून झाल्या, माघात चरक रंगवून तयार झाले. महाशिवरात्रीच्या दिवशी मी बसस्थानकाबाहेर रस प्यायलो, तर समोरच्या चरकावर उसाची दोन पाती होती, हिरव्या रंगात. आले-लिंबू घालून दोन पेले घेतले. रसवंतीवाल्याला मी सांगितले, "ही चौकट मी ओळखतो." तो म्हणाला, "सगळेच ओळखतात." पुतण्या दोन रविवार म्हाताऱ्यांकडे जाऊन आला, असे मोल्डरकडून कळले.

येथे हकिगत संपावयास हवी होती. परंतु एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, आणि तिच्याचसाठी हा कागद आहे. चूकदुरुस्तीने फक्त कलम नऊ गेले. वकीलबाईंनी सांगितलेले बाकीचे काहीच लिहिले गेलेले नाही. विचारले तर अण्णा म्हणतात, "आता काय गरज? झालं ना सगळं." बाई म्हणतात, "भाऊ, एकदा कागद केला त्याचं काय झालं, पाहिलं की." पॅटर्न पुन्हा शब्दावर आहे. अण्णांचे वय झाले. म्हाताऱ्यांचे हात गेले. पुतण्या आज बरा आहे. त्याच्यानंतर कोण येईल हे कोणी सांगावे?

सबब दोन्ही पक्षांस नम्र विनंती करण्यात येते, की उर्वरित करार लिहून घ्यावा. तो माझ्याकडूनच लिहून घ्यावा असा माझा आग्रह राहिलेला नाही. सावेडीच्या बाईंकडून घ्यावा, त्यांच्या सहा ओळी माझ्या अकरा कलमांपेक्षा भक्कम निघाल्या. मला फक्त तो वाचू द्यावा, मोठ्याने, फाउंड्रीत, भट्टी विझल्यावर. या वेळी प्रत्येक कलमानंतर मी थांबेन आणि समजले का असे विचारीन.

आपले उत्तर येत्या खंडेनवमीपूर्वी, लिंबाखालच्या टेबलावर, लेखी मिळावे. तोंडी उत्तर चालणार नाही.

कळावे,
अर्जदार, नववी पास.